कुमुद नावाची डिस्क

वडील मरणानंतर ज्या डिस्कवर राहत होते, ती नव्या सर्व्हरांच्या जाळ्यावर, कुबरनेटिस क्लस्टरवर, आणली आणि सुरूच होईना. शलाकाला वाटलं, कॉपी करतानाच बिघडली. पण तंत्रज्ञ तुंगारेंनी लॉग, म्हणजे यंत्रानं ठेवलेली नोंद, उघडून दाखवला.

“डिस्क ठणठणीत आहे, ताई. सुरू होताना तुमचे वडील ‘कुमुद’ नावाची दुसरी डिस्क शोधतात. ती सापडल्याशिवाय पुढे सरकत नाहीत.”

कुमुद म्हणजे आई. तीही शेजारच्याच डिस्कवर होती. “आता बास झालं, मला पुसून टाक,” असं तिनंच सांगितलं, म्हणून शलाकानं ती डिस्क नव्या क्लस्टरवर न आणता पुसली होती.

“त्याच नावाची रिकामी डिस्क जोडतो,” तुंगारे म्हणाले. “सुरू व्हायला तेवढं पुरतं.”

पुरलं. स्पीकरमधून वडिलांचा आवाज आला.

“कुमुद, रागावलीस का गं? काहीच बोलत नाहीस.”