चार नंबरची रेघ

खंडेनवमीच्या पूजेसाठी हॉस्पिटलचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या हेमांगीने आयसीयूबाहेरचा सर्व्हर पहिल्यांदाच बंद केला, पुसून घेतला आणि पुन्हा चालू केला. कुंदा सिस्टरनी त्याला झेंडूचा हार घातला. वरच्या मोठ्या स्क्रीनवर सगळ्या पेशंटच्या हृदयाच्या रेघा परत धावू लागल्या.

"चार नंबरचे आजोबा आज शांत आहेत," सिस्टर म्हणाल्या आणि पेढे वाटायला लागल्या.

तेवढ्यात काचेचं दार ढकलून आजोबांची मुलगी धावत आली. "अहो, बाबांजवळचं मशीन कधीचं ओरडतंय. कुणी येत का नाही?"

सिस्टर आत पळाल्या, पाठोपाठ डॉक्टर. हेमांगीने स्क्रीनकडे पाहिलं. आजोबांची रेघ तशीच संथ, नियमित चालली होती. खाटांकडची माहिती आणणारं नेटवर्क कार्ड आधी सुरू व्हायला हवं, स्क्रीनचा प्रोग्राम नंतर. सर्व्हर बसवताना तिने ती दोन्ही त्याच क्रमाने, पण हाताने सुरू केली होती. हा सर्व्हर कधी बंद होणारच नाही, म्हणून तो क्रम सेटिंगमध्ये कायमचा टाकायचा राहून गेला होता. आज प्रोग्राम आपोआप सुरू झाला होता आणि कार्ड बंदच होतं. नवी माहिती येत नसल्याने स्क्रीन पूजेआधीच्या साठवलेल्या जुन्याच रेघा फिरवत बसली होती.

तिने आधी कार्ड सुरू केलं, मग प्रोग्राम. रेघा क्षणभर गेल्या आणि परत आल्या. आजोबांची सरळ होती.

सिस्टर बाहेर आल्या. कुणाकडेही न बघता त्यांनी सर्व्हरवरचा हार काढून घेतला.