अंगठ्यातला दोरा

फोन वाजला की रोहिणीच्या छातीत धडधडायचं, मग तो शेजारणीचा का असेना. ऑफिसच्या मेसेजांपायी झोप उडाली, मान आखडली. डॉक्टर म्हणाले, “रविवारी तरी फोन बंद ठेवा.” पण बंद केलेला फोन तिचाच हात पुन्हा सुरू करायचा. म्हणून या रविवारी ती मखमलाबादला माहेरी येऊन आईसोबत ओट्यावर मोगऱ्याचे गजरे बांधायला बसली. पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून गाठी मारायच्या. मध्येच उठलं की गजरा सुटलाच. तेवढ्यात खिडकीत ठेवलेला तिचा फोन वाजला. रोहिणी दचकून उठली आणि कळ्या ओटाभर सांडल्या. “साहेबांचा असंल, घे ना! कामावरून काढतील,” आई धास्तावली. “काढू देत. रविवार त्यांच्या बापाचा नाही.” रोहिणी खाली बसली. फोन पुन्हा वाजला. तिचे पाय उठायला शिवशिवले. “आई,” पाय पुढे करत ती म्हणाली, “दोन्ही अंगठ्यांना दोरा बांध.”