हँडलवरचं कुंकू
राळेगावहून सायकली निघायच्या होत्या. कपाशीच्या कर्जापायी ज्यांच्या धन्यांनी जीव दिला, त्या बायांच्या लेकरांसाठी वसतिगृह बांधायचं, म्हणून कॉलेजची पोरंपोरी गावोगाव वर्गणी मागणार होती. निघण्याआधी हँडलला कुंकू लावायला सवाष्णी ताट घेऊन उभ्या होत्या. उर्वशीनं सायकल मागं ओढली. "काकू, हिले माही मायच कुंकू लावन." कुंपणापाशी उभी असलेली आई आक्रसली, तिचं कपाळ तीन वर्षांपासून कोरं होतं. "पोरी, निघतानाच अपशकुन कायले?" काकू कुजबुजल्या. "मंग बॅनरवरचं 'विधवांच्या लेकरांसाठी' आधी पुसा." काकूंच्या हातातलं ताट घेऊन उर्वशीनं आईपुढं धरलं. आईनं देवाचं नाव घेतलं, बोट कुंकवात बुडवलं अन् हँडलवर घट्ट दाबलं. सवाष्णींनी तोंडं फिरवली. तेवढ्यात पोरांतला जमीर सायकल रेटत पुढं आला. "मावशी, हिलेही लावा. पुढं उतार आहे अन् हिले ब्रेकच नाही."