गाडी घसरवायची शिकवणी

"आधी गाडी घसरवायची, मग सावरायची," विश्राम म्हणाला. "घसरलीच नाय तर सावरायला काय शिकशील?"

हंसाने जीप सेकंड गिअरमध्ये टाकली. ओहोटीने नांदगावचा किनारा लांबवर उघडा पडला होता, वाळू ओली आणि टणक. नारळी पौर्णिमा व्हायची होती, त्यामुळे होड्या वर ओढून ठेवलेल्या आणि किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं.

"डावीकडं वळव. आता ॲक्सिलरेटर दाब. जोरात."

मागची चाकं सुटली आणि जीपची पाठ उजवीकडे सरकली. हंसाने स्टेअरिंग आणखी डावीकडे ओढलं. जीप गर्रकन फिरली आणि बंद पडली.

"उलटं केलंस. पाठ पळते तिकडंच स्टेअरिंग न्यायचं. पाठ उजवीकडं, तर स्टेअरिंग उजवीकडं. अन् पाय एकदम उचलायचा नाय."

"कळतंय. हात ऐकत नाय."

"ऐकणार कसा? बोईसरच्या कारखान्यातली पोरं गाडी शिकताना घाबरली की ब्रेक दाबतात. तू सुकाणू ढकलतेस. सुकाणू डावीकडं ढकललं की होडी उजवीकडं वळते, जीप नाय वळत."

ते खरं होतं. खाडीतल्या लहान होडीचं सुकाणू आलटून पालटून धरत हंसा आणि तिचा भाऊ जिव्या मोठे झाले होते. सरळ रस्त्यावर गाडी चालवायला ती बोईसरच्या क्लासात शिकली होती, लायसनही मिळालं होतं. पण गाडी घसरवायला कुठला क्लास शिकवतो? त्यासाठी ती विश्रामकडे आली होती. पूर्वी ती त्याला भाऊ म्हणायची. आता काहीच म्हणत नव्हती.

दोन पावसाळ्यांपूर्वी मासवणच्या वळणावर हीच जीप घसरून झाडावर आदळली. विश्राम आणि जिव्या दोघेही बाहेर फेकले गेले. जिव्या जागीच गेला. गाडी मी चालवत होतो, असं विश्रामने पोलिसांना सांगितलं आणि दीड वर्षाची शिक्षा भोगून तो परत आला.

जिव्या-हंसाच्या आईला, रखमाला, एवढंच समाधान होतं की पोराने शब्द पाळला. तिला हायवेची धास्ती होती. होडीवर हात ठेवायला लावून तिने त्याच्याकडून शपथ घेतली होती, की गाडीच्या स्टेअरिंगला कधी शिवणार नाही. होडीवरची शपथ कोळ्याचा पोर मोडत नाही, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

विश्रामची जीप मात्र रिकामी उभी राहिली. पूर्वी कोळीवाड्यातल्या बायका टोपल्या घेऊन तिच्यात दाटीवाटीने बसायच्या आणि बोईसरच्या बाजाराला जायच्या. आता त्या एसटीची वाट बघत ताटकळत. आत्माराम तांडेलाच्या घरातलं कुणी बसलं, तर आम्ही बसू, असं त्यांचं म्हणणं. आत्माराम म्हणजे हंसाचा बाप, आणि तो काही बसणार नव्हता.

म्हणून हंसाने विश्रामला स्पष्टच सांगितलं होतं. "त्या वळणावर गाडी सावरता आली असती की नाय, ते मला माझ्या हातानं बघायचंय. नसती, तर उद्या मी तुमच्या जीपमधून बाजाराला जाईन. असती, तर कदी नाय."

विश्राम बरं म्हणाला होता.

चार वेळा जीप गरगरली. पाचव्या वेळी विश्राम स्वतः स्टेअरिंगवर बसला. पाठ सुटली, त्याने स्टेअरिंग अलगद उजवीकडे नेलं, पाय जरासा हलका केला. जीप तिरकी घसरत गेली आणि शहाण्या बैलासारखी सरळ झाली. त्याच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती.

हंसाने मागे वळून वाळूवरची चाकांची खूण बघितली.

"म्हणजे सावरते."

"सावरते."

"मग तवा का नाय सावरली?"

"चुकलो," विश्राम म्हणाला.

एवढंच. खोटं बोलून सुटता आलं असतं, ओला डांबरी रस्ता वेगळा, असं काहीतरी. तो तसं बोलला नाही. हंसाला त्याचा भयंकर राग आला. अठरा वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाने दोन बोटांचं काम केलं नाही, आणि तिचा भाऊ गेला.

"उतरा. मला एकदा करायचंय. मग तुमचं-माझं संपलं."

विश्राम डावीकडच्या सीटवर आला.

या खेपेला तिने जीप जोरात सोडली. वळवली. ॲक्सिलरेटर दाबला. पाठ भस्सकन उजवीकडे निघाली, पूर्वीपेक्षा कितीतरी वेगाने, आणि जीप एका अंगाला कलली. शिकलेलं सगळं हंसाच्या डोक्यातून गेलं. तिने स्टेअरिंग जीव खाऊन डावीकडे ओढलं आणि तसंच धरून ठेवलं.

विश्रामने डावीकडून झेप घेऊन तिची मनगटं पकडली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि तो ओरडला, "उलटं नको! सोड, जिव्या, स्टेअरिंग सोड!"