वायरमधला दोष

परवेझनं केबलची दोन्ही टोकं टेस्टरला जोडली. आठही दिवे ओळीनं लागले.

"वायर चांगली हाय, मावशी."

"पुन्हा एकदा बघ," मेरीबाई म्हणाल्या. "फोन नीट लागतच नाही."

तिसगावातल्या या घरी महिन्याभरातली ही त्याची तिसरी खेप. पहिल्या वेळी वायर राऊटरमधून निसटली होती. दुसऱ्या वेळी कपाटामागं तुटलेली सापडली. उंदीर असतील, असं मेरीबाई म्हणाल्या होत्या. त्यानं नवीन केबल टाकून दिली होती.

यशया गुरुजी पलंगावर उशांना टेकून बसले होते. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेल्यापासून दोन वर्षं ते या खोलीबाहेर पडले नव्हते. आज मात्र त्यांनी दाढी करवून घेतली होती. अंगात इस्त्रीचा शर्ट होता.

"नॅथन कॅनडात आहे," ते सावकाश म्हणाले. "तिकडं आता सकाळ. कामावर जायच्या आत गाठायला हवा."

"कधी बोलणं झालं शेवटचं, गुरुजी?"

"बोलणं कुठलं! त्याचे मेसेज येतात. ही वाचून दाखवते. तुमच्याकडचं नेट खराब आहे, चित्र अडकतं, म्हणतो."

परवेझनं राऊटर बंद करून चालू केला. वायर दुसऱ्या खाचेत लावली. पलंगाजवळच्या कॉम्प्युटरवर नेटचा वेग तपासला, तो पुरेपूर होता. मग नगरला राहणाऱ्या आपल्या बहिणीला, आलियाला, व्हिडिओ कॉल लावला. तिच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा वाचता येत होतं.

गुरुजी पुढं सरकले. "आता नॅथनला लाव."

मेरीबाईंनी स्वतः नंबर लावला. रिंग वाजत राहिली, मग थांबली. त्यांनी पुन्हा लावला. या वेळी दोनच रिंगांत कुणीतरी फोन कापला.

गुरुजींनी मान खाली घातली. डाव्या हातानं शर्टाचं वरचं बटण चाचपत राहिले.

 परवेझनं राऊटरची वायर उपसली, उगाच निरखली.

"गुरुजी, दोष इकडचाच हाय. बाहेरून येणारी लाईनच कच्ची हाय. जवळचे फोन लागतात, लांबचे टिकत न्हाईत."

"बघ!" गुरुजींचा चेहरा उजळला. "मी म्हणत होतो ना, मेरी? पोराचा दोष नाही."

"नाही," मेरीबाई म्हणाल्या.

परवेझनं हत्यारं पिशवीत भरली. त्या फाटकापर्यंत त्याच्यामागं आल्या. तिथं मात्र त्याला राहवलं नाही.

"मावशी, मी आत खोटं बोललो. वायरीत काई न्हाई, लाईनीत काई न्हाई. तुमचं पोरगंच फोन कापतंय. माझा दोस्त हाय कॅनडात. पत्ता द्या, त्याला पोराच्या दारात उभा करतो."

"हळू बोल."

"का हळू? बाप असा वाट बघतोय आन्..."

मेरीबाईंनी मागं वळून खिडकीकडं पाहिलं. आत गुरुजी कॉम्प्युटरसमोर तसेच बसून होते.

"कॅनडा मी सांगितलंय त्यांना," त्या म्हणाल्या. "नॅथन नगरला राहतो, सावेडीत. इथून एसटीनं तासभर."