पाटावरची हत्यारं

सुर्ल्याची खाण बंद पडली तेव्हा मेकॅनिक कृष्णनाथने घरामागे वर्कशॉप काढायचं ठरवलं. म्हापशाच्या बाजारात बोल्टावरून घसरणारे जुने पाने त्याच्या गळ्यात मारले गेले. मग हळर्णला वारलेल्या गॅरेजवाल्याची हत्यारं स्वस्तात मिळतील असं कळलं आणि बस बदलत तो धावला. तर हत्यारं पाटावर मांडलेली, वर झेंडू. “आज खंडेनवमी. पूजेतली हत्यारां हालवची नाय, उद्या येवन व्हरा,” गॅरेजवाल्याची बायको म्हणाली. “उद्यापर्यंत दुसराच कोणीतरी पळवील, वहिनी! भंगाराची कसली पूजा?” तो भडकला. “तुमच्या घरात आज कसली केली?” “कसली करणार? बाजारातल्या घसरणाऱ्या पान्यांची? खाणीवर माझ्या हातातले पाने कंपनीचे होते, काढून घेतले.” “मगे फूल हंयच घाला. उद्या तुमचीच.” झेंडू उचलताना कृष्णनाथचं टाळकं आणखीच तापलं. इतकी वर्षं दर खंडेनवमीला तो दुसऱ्याच्याच लोखंडाला फुलं वाहत आला होता.