इंजिन चालू असताना

सुताराने कार्बोरेटर सकाळीच खोलला आणि मुलीचा फोन दुपारी आला. आधी कळलं असतं तर त्याने पान्याला हातही लावला नसता. आता पिकअपचं बॉनेट वर होतं आणि कार्बोरेटरचे सुटे भाग कामाच्या टेबलावर, जुन्या चादरीच्या तुकड्यावर पसरले होते.

“बाबा, पिकअप घेऊन या,” मुलगी म्हणाली होती. “माझं सामान न्यायचंय. हे संध्याकाळी घरी येतात. त्याच्या आत या.”

का ते तिने सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. गेल्या खेपेला ती माहेरी आली तेव्हा तिचा चष्मा दोऱ्याने बांधलेला होता. त्याआधीच्या खेपेलाही. चष्मे नाकावर बसल्या बसल्या फुटत नाहीत, एवढं सुतार आणि त्याची बायको दोघांनाही कळत होतं.

दारापासून शेडपर्यंत आणि शेडपासून दारापर्यंत बायकोच्या फेऱ्या चालल्या होत्या. हातात सामान बांधायचा दोरखंड.

“अहो, भाड्याचा टेम्पो बघू का?”

“नको. टेम्पो लागला की अख्खी गल्ली गॅलरीत येऊन उभी. बापाची गाडी रोजचीच, तिच्याकडे कोण बघतंय? म्हणून तर तिने पिकअप म्हटलं.”

“मग लावा ना ते पटापट!”

“पटापट लावून वाटेत बंद पडली तर? तिला सामानासकट रस्त्यावर उभी करू?”

ती भीती खरी होती. पिकअप दोन-चार चौक गेली की गचके खायची, पेट्रोलचा वास सुटायचा आणि बंद पडायची. मग सुतार कार्बोरेटर उघडून साफ करायचा. आतला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा पितळी डबा, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या उंचीवर तंतोतंत आणायचा. आठवडाभराने ये रे माझ्या मागल्या. ‘यापेक्षा ढकलगाडी बरी,’ बायको म्हणायची, ‘निदान ढकलायची आहे हे आधी माहीत असतं.’

आज तर कार्बोरेटरमधली बारकी सुई हातातून पडली. टेबलाखाली शिरून शोधली, तर पुन्हा पडली. शेवटी रागाच्या भरात त्याने कार्बोरेटरचा मुख्य भाग रॉकेलमध्ये बुडवला आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने खसाखसा घासायला घेतला. आजवर त्याने आतली भोकं जिवापाड साफ केली होती, बाहेरची काजळी मात्र तशीच ठेवली होती. ती सुटली आणि खालच्या अंगाला आकडे दिसले.

त्याने सुट्या भागांच्या दुकानदाराला फोन लावला आणि नंबर वाचून दाखवला.

“परत वाचा, काका.”

त्याने परत वाचला.

“अहो, हा तुमच्या पिकअपचा नाहीच! हा मोटारीचा. आधीच्या मालकाने जुगाड केलेलं दिसतंय.”

“पण बसलाय तर बरोबर.”

“बसायला काय, बसतो. फ्लोट कुठल्या मापाने लावता?”

“पिकअपच्या पुस्तकातल्या.”

“मग कसं जमायचं? दुसऱ्याचं माप लावताय त्याला. तीन मिलिमीटर खाली घ्या.”

सुतार ओशाळला. लाकूड दोनदा मोजल्याशिवाय करवत न लावणारा माणूस, आणि इतकी वर्षं बिनचूक चुकत आला होता. पण ओशाळायलाही आज सवड नव्हती. त्याने पकडीने फ्लोटची पितळी जीभ हलकेच वाकवली, मोजली, पुन्हा वाकवली. गॅस्केट, म्हणजे जोडामधली कागदी पट्टी, खोलतानाच फाटलं होतं. बायकोने जाड कागद कार्बोरेटरच्या तोंडावर ताणून धरला आणि तो कडेकडेने हातोडीचे बारीक ठोके देत गेला. धारेवर कागद कापला जाऊन नवं गॅस्केट तयार झालं.

“बोटं सांभाळ.”

“बोटांचं राहू द्या. ऊन उतरायला लागलं.”

कार्बोरेटर जागेवर बसला. बायकोने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. तिने पुन्हा फिरवली, तसं ते धडधडून चालू झालं. सुताराने कान देऊन स्क्रू थोडा आत घेतला, थोडा बाहेर. धडधड शांत झाली. पेट्रोलचा वास नाही, गचका नाही. पिकअप घरी आल्यापासून अशी कधी चालली नव्हती. बायकोने दोरखंड मागच्या हौद्यात टाकला आणि पुढे चढून बसली.

तेवढ्यात फोन वाजला.

“बाबा, राहू द्या. येऊ नका.”

“जावई आले का घरी?”

“नाही अजून. पण... कशाला उगाच? पुढच्या महिन्यात बघू. तुम्ही धावपळ करू नका.”

समजावायला गेलं की ही आपल्यालाच समजावते आणि मग फोन ठेवते, हे सुताराला पाठ झालं होतं. त्याने इंजिनाकडे पाहिलं. ते एका लयीत, गुमान चालत होतं.

“अगं चिऊ, पंचाईत झालीय,” तो म्हणाला. “कशीबशी चालू झालीय ही. आता बंद केली तर परत काही व्हायची नाही. फिरवून तर आणावीच लागणार. मग म्हटलं, तुझ्याकडेच येतो.”

पलीकडून कपाट उघडल्याचा आवाज आला.

“मग बंद करू नका, बाबा,” ती म्हणाली. “दारात आल्यावरही चालूच ठेवा.”